बांधामागून

चि.,
तुझं पत्र पोचलं. चौथीतली ती मुलगी महिनाभर वर्गात बोलत नाही, आणि तू रोज मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून ‘काय झालं, सांग ना’ म्हणतोस. तुझी तळमळ खरी आहे. पण वाचताना मला नान्नजजवळचं मामाचं शेत आठवलं.

मी दहा वर्षांचा होतो. मे महिना. सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको, दुपारी मुरूम चपलेतूनही भाजतो. पडीक तुकड्यात टिटवीची चार अंडी दिसली. काडी नाही, गवत नाही, नुसते खडे. मातकट रंग, वर काळपट डाग, निमुळती टोकं सगळी आत वळलेली. पुढचं पाऊल तिथंच पडणार होतं. टिटवी डोक्यावरून झेपावत ओरडत होती.

मी हात लावला नाही. कुत्रं येईल, शेरडं तुडवतील, म्हणून राखणीला दोन हातांवर बसून राहिलो. फार चांगलं काम करतोय असं वाटत होतं.

आजी भाकरी घेऊन आली. बघितलं आणि म्हणाली, “राखण कसली करतोस? तुझ्यामुळंच ती लांब हाय की. ऊन बघ. अंडी शिजतील आत.”

दंडाला धरून तिनं मला बांधामागं, बाभळीखाली नेलं. टिटवी लगेच आली नाही. आधी पाटाकडं गेली. मग चार पावलं चालायची, थांबायची, मान उंच करून बघायची. जवळ आली तेव्हा तिच्या पोटाची पिसं ओलीचिंब होती. तीच तिनं अंड्यांवर टेकवली. उन्हाळ्यात टिटव्या अंडी अशीच गार ठेवतात, हे मला पुढं कळलं. नर-मादी आळीपाळीनं, सुमारे चार आठवडे. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणणाऱ्यांनी तिची ही दुपार कधी पाहिलेली नसते.

तेव्हापासून ‘हळुवारपणा’ म्हटलं की मला हलका हात आठवत नाही, अंतर आठवतं. आपण कुठं बसलोय, आणि आपल्या तिथं असण्यानं कोणाचं पाणी अडलंय. नान्नजला १९७९ पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे. माळढोकाची मादीही उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. तिला जवळून बघायला धावणाऱ्याचं प्रेम मी खोटं म्हणणार नाही. पण त्या एका अंड्याला ते प्रेम झेपत नाही.

त्या मुलीला काही दिवस काही विचारू नकोस. ‘तिला बोलतं करा’ असं इतर मुलांनाही सांगू नकोस, ते तर फारच वाईट. घरी काय चाललंय याची चौकशी मात्र कर, गुपचूप, तिच्या माघारी. तिथं काही धोका दिसला तर एक दिवसही थांबू नकोस. शाळा सुटल्यावर ती खडूचे तुकडे गोळा करते असं तू लिहिलंस. ते काम तिचंच राहू दे. ती करत असताना तू हजेरीपटात मान घाल, आणि दार उघडं ठेव.

थांबणं तुला अवघड जाईल, मला माहीत आहे. त्या दुपारी मला कडकडून भूक लागली होती. आजीनं भाकरी सोडली होती, कांदाही बुक्कीखाली धरला होता. टिटवी अंड्यांवर टेकेपर्यंत तिनं तो फोडला नाही.