सांगलीतले टाके आणि आजीचा डिमेन्शिया: मेडिकल स्कूलच्या निबंधात काय लिहायचं?

दर मे महिन्यात अर्ज उघडले की अमेरिकेतल्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न सुरू होतात. आपल्याकडे नीटचे मार्क आले की झालं, त्यामुळे हा निबंधाचा प्रकार आईबाबांच्या पचनी पडत नाही, कळतं मला. म्हणून एकदाच सगळ्यांना सांगते.

प्रश्न: अ‍ॅमकॅसचा निबंध किती शब्दांचा?
अ‍ॅमकॅस म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांचा सामाईक ऑनलाइन अर्ज. त्यात शब्द नाही, कॅरेक्टर मोजतात. ५३००, स्पेस धरून.

प्रश्न: त्याच अर्जात अनुभवांच्या १५ जागा आहेत, माझे ९च होतात. बाकी काय भरू?
काही नाही. त्यातल्या ३ अनुभवांवर जास्त लिहायला मिळतं, जीव तिथे लाव.

प्रश्न: आजीच्या डिमेन्शियावर लिहायचंय, पण ग्रुपवर म्हणतात आजी-आजोबा आले की रिजेक्ट.
ग्रुपवरच्यांनी किती अर्ज वाचलेत? आजी चालते, फक्त निबंध तुझा हवा, आजीचा नको. डॉक्टरांचं बोलणं तू तिला मराठीत सांगायचीस, हे एका ओळीत उरकलंयस! अगं तोच निबंध आहे. काय सांगितलंस, काय गाळलंस, आई डोळ्यांनी 'नको' म्हणत होती तेव्हा काय केलंस. पाठवायच्या आधी आईला वाचून दाखव मात्र, आजार घरातला आहे.

प्रश्न: मुलगा सुट्टीत पंधरा दिवस सांगलीला माझ्या भावाच्या हॉस्पिटलात होता, भावाने त्याला टाकेसुद्धा घालू दिले. इथला अ‍ॅडमिशनचा कन्सल्टंट म्हणतो एकदम युनिक आहे, हेच घ्या. घेऊ ना?
नको. आणि जरा सविस्तर सांगते कारण यंदाचं हे चौथं पत्र. ज्या पोराला न्यू जर्सीत पेशंटला सुई लावता येत नाही त्याला सांगलीत कशी लावता आली, हे वाचणाऱ्याच्या मनात पहिलं येतं, आणि उत्तर एकच निघतं, की तिथल्या पेशंटला कोणी विचारलंच नाही. तुम्हाला वाटतं धाडस दिसेल, प्रवेश देणाऱ्या कमिटीला दिसतं की याला आपली हद्द कळत नाही. एएएमसी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिच्या परदेशातल्या अनुभवांबद्दल गाइडलाइन्स आहेत, त्या भावालाही पाठवा. टाक्यांऐवजी मुलाला विचारा, ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसांत त्याने काय पाहिलं. सांगता आलं तर ते लिहू दे, पेशंटचं नाव-गाव-फोटो काही न टाकता. नाही आलं तर इथेच आठवड्यातून एकदा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) वर्षभर जाऊ दे, पंधरा दिवसांपेक्षा ते भारी. आणि तो कन्सल्टंट! पैसे घेऊन 'युनिक' म्हणणं हा त्याचा धंदाच आहे, दहा पोरांचे निबंध एकाच साच्यातून काढतो. टाक्यांचं झालं ते झालं, कॉलेजच्या प्रीहेल्थ (मेडिकलला जाणाऱ्या मुलांच्या) अ‍ॅडव्हायझरला मुलाने स्वतः जाऊन खरं सांगावं, पुढचं त्यांना विचारून.

प्रश्न: डिप्रेशनमुळे एक सेमिस्टर सोडलं होतं. लिहू का?
लिहायलाच हवं असं बंधन नाही. थेरपिस्ट आणि अ‍ॅडव्हायझर दोघांशी बोल, मग ठरव. माझ्या दोन ओळींवर नको.

प्रश्न: लेक म्हणते डेडलाइनला खूप वेळ आहे, सप्टेंबरात बघू.
डेडलाइन असेल हो, पण बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि इंटरव्ह्यूच्या जागा भरत जातात. गर्दीत नुसत्या व्हेरिफिकेशनलाच, म्हणजे मार्क तपासून घ्यायलाच, काही आठवडे जातात. आजच अ‍ॅडव्हायझरची वेळ घ्यायला सांगा तिला.