म्युलर या जर्मन आडनावाचा अर्थ काय आणि खरा उच्चार कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन शिकवणारी संस्था, तिच्या नावातल्या म्युलरचा अर्थ काय आणि ते म्युलर, मुल्लर की मुएलर. अर्थ एकदम साधा आहे, गिरणीवाला. फक्त आपल्या गल्लीतली लाइटवर चालणारी पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणू नका, संभाजीनगरला आहे तसली पाणचक्की आणा. मूळ लॅटिन, मोलिना म्हणजे चक्की आणि मोलिनारियस म्हणजे ती चालवणारा, तेच झिजत झिजत म्युलर झालं. इंग्रजीतला मिलर त्याचाच चुलतभाऊ.

जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. म्हणजे घरोघर गिरण्या होत्या का, तर उलट! गावात शेतकरी ढीगभर, त्यामुळे नुसतं शेतकरी म्हणून कोण कोणाला ओळखणार, पण गिरणीवाला बहुतेक गावात एखादाच, त्यामुळे गिरणीवाल्याचा हान्स म्हटलं की लगेच कळायचं कोण ते. आपल्याकडे गावोगाव पाटील झाले तसंच, आणि सगळे पाटील जसे भाऊबंद नसतात तसे सगळे म्युलरही नसतात. गिरणीवाल्याबद्दल लोकांचं मत मात्र काही खास नव्हतं, पीठ मारतो असा संशय कायम, त्यात बऱ्याच ठिकाणी जमीनदाराने ठरवलेल्या गिरणीतच दळण न्यायची सक्ती.

आता उच्चार. मी पुण्यात जर्मनच्या क्लासला जायचे तेव्हा कितीतरी दिवस बिनधास्त म्युलर म्हणायचे, शेवटी मॅडम म्हणाल्या, ओठ उ म्हणताना करतो तसे गोल कर आणि ते अजिबात न हलवता आतून इ म्हण. घरी आरशासमोर प्रॅक्टिस करत होते तर आई म्हणे शिट्टी कसली मारतेस. पण तोच तो आवाज, तोही ऱ्हस्व, आणि देवनागरीत त्याला अक्षरच नाही. स्पेलिंगमध्ये (Müller) दोन एल आहेत म्हणून मुल्लर करू नका, ते फक्त आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढंच सांगतात, आणि शेवटचा र जवळजवळ गायब, नुसता अ ऐकू येतो. मुएलर तर नाहीच नाही. पूर्वी यूच्या डोक्यावर बारका ई लिहायचे, त्याचीच पुढे दोन टिंबं झाली, म्हणून टिंबं टाइप होत नसली की ई यूच्या शेजारी येऊन बसतो (Mueller), वाचायचा नसतो. दक्षिण जर्मनीत बव्हेरियाकडच्या बोलीत तर ओठ गोल करायच्या भानगडीत न पडता सरळ मि म्हणतात.

ज्याच्या नावाने ते भवन आहे त्या खुद्द मॅक्स म्युलरला, म्हणजे संस्कृतच्या जर्मन अभ्यासकाला, आपलं आडनाव फारच कॉमन वाटायचं म्हणून त्याने मॅक्स हे नावच आडनावाला जोडून टाकलं. संस्कृतात तो स्वतःला मोक्षमूलर म्हणवून घ्यायचा, त्यात ऊ चक्क दीर्घ, आमच्या मॅडमनी त्यालाही परत म्हणायला लावलं असतं.