ठाण्यातल्या कॉलेजात एस.वाय. बीकॉमला आहे, आविष्कार (महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची) रिसर्च स्पर्धा फक्त सायन्स आणि पीएचडीवाल्यांसाठीच असते का?

नाही, एस.वाय.ला असलास तरी भाग घेता येतो आणि बीकॉम असलं तरी काही अडत नाही, कारण पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी असे वेगवेगळे गट असतात त्यामुळे तुझा मुकाबला पीएचडीवाल्यांशी नसतोच. एकूण सहा विभाग आहेत, त्यात कॉमर्स, मॅनेजमेंट, लॉ हा वेगळा विभाग आहे, बाकी भाषा-मानव्य, सायन्स, शेती, इंजिनिअरिंग आणि मेडिकल-फार्मसी. मी दोन वर्षं कॉलेजच्या टीममध्ये होतो म्हणून सांगतो, मुंबई युनिव्हर्सिटीत आधी झोनल राउंड म्हणजे आपापल्या भागातल्या कॉलेजांची फेरी, मग युनिव्हर्सिटीची फायनल, मग राज्यपातळी, आणि सुरुवातीला पोस्टर लावून उभं राहायचं, निवड झाली की पुढे बोलून प्रेझेंटेशन. पोस्टर भारी छापून फारसा फरक पडत नाही हो, जज सरळ विचारतात सॅम्पल किती घेतलं, कुठून घेतलं, आणि तिथेच निम्मी पोरं गडबडतात. विषय म्हणून गावदेवी मार्केटमधल्या भाजीवाल्यांचा यूपीआय वापर असलं साधं काहीतरी घेतलंस आणि स्वतः फिरून माहिती गोळा केलीस तर नेटवरून उचललेल्या विषयापेक्षा कधीही बरं. एकच गोष्ट, नाव स्वतःहून थेट देता येत नाही, कॉलेजमार्फतच जातं, त्यामुळे आविष्कार बघणारे सर किंवा मॅडम कोण ते आधी विचार. आणि कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीशी संलग्न नसून खासगी किंवा डीम्ड युनिव्हर्सिटीचं असेल तर तिथे मुंबई युनिव्हर्सिटीचा हा झोनचा प्रकार लागू नाही.