घरी दिलेलं काम आणि मुलांचे हात

प्रश्न : परदेशीपुऱ्यात आमचा शाळेचे ड्रेस शिवायचा कारखाना आहे. बटणं लावणं, धागे कापणं ही कामं ठेकेदार घरोघरी देतो, पैसे नगावर. माल घेणारी कंपनी आता ‘बालमजुरी नाही’ असं हमीपत्र मागते. आईला मुलांनी घरात मदत केली तर कायद्याने चालतं, असं ठेकेदार म्हणतो. सही करावी का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. ठेकेदार अर्धंच सांगतो आहे. बालमजुरी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेनंतर किंवा सुटीत घरच्या धंद्यात मदत करता येते, हे खरं. पण त्याच कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे उत्पादनाच्या साखळीतल्या ज्या कामाचे मुलाला किंवा घराला पैसे मिळतात, ते ‘मदत’ ठरत नाही. नगावरची बटणं त्यातच आली. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आधी ठेकेदाराकडून घरांची यादी घ्या. मग कारखान्यात घड्याळ लावून एका बाईचे आठ तासांतले नग मोजा. समजा २०० झाले. एकटीच्या नावावर रोज ४०० येत असतील, तर हात जास्त आहेत. दिवसाच्या किमान मजुरीला २००ने भागा. नगाचा दर त्याखाली असेल तर मुलं कामाला बसणारच. खरी गोम इथे आहे. आणि हमीपत्र मागून त्याच पत्रात भाव पाडणारी कंपनी नुसते हात झटकते. हा हिशेब तिलाही पाठवा. संध्याकाळी गठ्ठा देऊन सकाळी मागणं बंद करा. मे-जूनमध्ये तुमची घाई आणि मुलांची सुटी एकत्र येते, म्हणून वाटप एप्रिलपासूनच सुरू करा.

वयासाठी शाळेचा किंवा जन्माचा दाखला बघा. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याचं नसलेलं काम देता येतं : विश्रांतीसह सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ बंद, ओव्हरटाइम नाही.

मूल सापडलं म्हणून त्या घराचं काम तोडू नका. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या बालमजुरीविरोधी विधेयकाच्या धास्तीने बांगलादेशातल्या कारखान्यांनी मुलं काढली. त्यांतली काही खडी फोडायला गेली. १९९५च्या करारात मग शाळा आणि विद्यावेतन आलं. तुम्हीही घरातल्या मोठ्या माणसाला पुऱ्या दराने काम द्या, मुलाचं नाव शाळेत आहे का ते बघा.

प्रश्न : चहाच्या टपरीवर लहान पोऱ्या दिसला तर?

उत्तर : १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर जागा आणि वेळ कळवा. मालकाशी आधी वाद घालू नका, तो मुलाला लगेच दुसरीकडे हलवतो.