जपानमधलं रेसिडन्स कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिस्टर टोकियोत नोकरीला आहेत. मी आणि मुलगी पुढच्या महिन्यात डिपेंडंट व्हिसावर जातोय. कार्ड विमानतळावरच मिळतं म्हणतात, मग वॉर्ड ऑफिसात पुन्हा नोंदणी कशासाठी?

उत्तर : विमानतळावर मिळतं ते रेसिडन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, अर्धंच असतं. नारिता किंवा हानेदाला हातात पडणाऱ्या कार्डावर नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार, मुदत हे सगळं असतं. पत्त्याच्या रकान्यात मात्र जपानीत ‘अनिश्चित, नोंद झाल्यावर मागे लिहिला जाईल’ एवढंच छापलेलं असतं. मागची ती जागा वॉर्ड ऑफिस भरतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तिथे जा. उशीर झाला तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सबळ कारण नसताना ९० दिवस उलटले तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो.

सोबत दोघींची कार्डं आणि पासपोर्ट न्या. शिवाय लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्ही जपानी भाषांतरासह. कुटुंबप्रमुख परदेशी असला की नात्याचा कागद लागतो. तो नसेल तर ‘पत्नी’, ‘मुलगी’ अशी नोंद होत नाही. मूळ दाखले घरी कपाटात राहिले म्हणून अडकणारे बरेच असतात, तेव्हा ते हातातल्या बॅगेत ठेवा.

जुलै २०१२पर्यंत परदेशी लोकांचं रजिस्टर वेगळं असायचं. आता जपानी रहिवाशांच्याच नोंदवहीत आपलंही नाव चढतं, त्यामुळे त्यांच्यासारखाच रहिवासाचा दाखला, म्हणजे ‘जुमिनह्यो’, आपल्यालाही मिळतो. त्याच फेरीत एखादी जास्तीची प्रत घेऊन ठेवा. काही दिवसांनी ‘माय नंबर’, म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा १२ आकडी ओळख क्रमांक, रजिस्टर टपालाने येतो. लेटरबॉक्सवर नाव लावलेलं नसेल तर ते पाकीट परत जाऊ शकतं, म्हणून नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा.

प्रश्न : कार्डावर आडनाव, माझं नाव आणि वडिलांचं नाव असं लांबलचक आलंय. कमी करून मिळेल का?

उत्तर : नाही. कार्डावर पासपोर्टातलंच नाव येतं, आणि आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव बहुतेक वेळा ‘गिव्हन नेम’मध्येच असतं. खरी अडचण पुढे आहे. कार्डावर नाव रोमन लिपीत, पण बँकेला ते काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लागतं. ‘देशपांडे’ एका ठिकाणी ‘देशुपांदे’ आणि दुसरीकडे ‘देशिपांदे’ लिहिलं गेलं, की पगार खात्यात जमा न होता परत जातो. काताकाना एकदाच ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, फोन, कंपनी सगळीकडे तेच उतरवा, वडिलांच्या नावासकट.

प्रश्न : कंपनी बदलली, पण व्हिसाला अजून दोन वर्षं आहेत. काही कळवावं लागतं का?

उत्तर : इंजिनिअरच्या व्हिसावर असाल तर हो, १४ दिवसांत, आणि तेही इमिग्रेशनला. जुनी नोकरी सोडल्याचं आणि नवी धरल्याचं, दोन्ही कळवायचं, ऑनलाइन होतं. घर बदललं तर मात्र वॉर्ड ऑफिस. या दोन खिडक्यांची गल्लत करू नका. नोकरीचं कळवायचं राहिलं की पुढच्या नूतनीकरणाला प्रश्न निघतात.

प्रश्न : मुदत संपत आलीय, नूतनीकरणाचा अर्ज दिलाय. मधल्या काळात भारतात जाऊन आलं तर चालेल?

उत्तर : चालेल, पण तारखा मोजून. निकाल आला नसेल तर मुदतीनंतर जास्तीत जास्त दोन महिने तुम्ही कायदेशीर राहू शकता. त्याच्या आत परत या, कारण नवं कार्ड जपानमध्येच घ्यावं लागतं. निघताना विमानतळावरच्या फॉर्मवर ‘परत येणार आहे’ या चौकोनात खूण करायला विसरू नका. ती राहिली तर परवाना तिथेच संपतो.

माय नंबर कार्ड, म्हणजे त्या १२ आकडी क्रमांकाचं ओळखपत्र, काढलं असेल तर त्याचीही मुदत त्याच दिवशी संपते आणि ती आपोआप वाढत नाही. जुनी तारीख उलटण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन ती वाढवून घ्या. निकाल लांबला असेल तर अर्ज दिल्याचा पुरावा दाखवून आधी दोन महिन्यांची वाढ घ्यायची आणि नवं रेसिडन्स कार्ड आलं की पुन्हा जायचं.