नाव नंतर शोध, आधी काटा पाहा

भाऊ, नर्सरीतून आणलेल्या तीन झाडांची नावं विचारली न तू, फोटो पाहिला तुझा. नर्सरीवाल्यानं 'कॅक्टस' म्हणून दिलं त्यावर जाऊ नको, आपल्या इकडं काटा दिसला की सगळं कॅक्टसच असते. मोबाईल झूम कर आणि पहिल्याचे काटे कुठून निघून राहिले ते पाह. बारीक लोकरीसारखी गादी असंल न् तिच्यातून काट्यांचा झुबका निघत असंल तर कॅक्टस. गादी नाही आणि काटे जोडीजोडीनं असतील तर बहुतेक युफोर्बिया, म्हणजे आपल्या कुंपणाच्या थोराच्या भावकीतला. खात्री करायची तर सुईचं टोक लाव, पांढरा चीक आला की समजून जा. पण तो हात डोळ्याला लागू देऊ नको, मी एकदा लावला न् बराच वेळ नळाखाली डोळा धरून बसलो, बायको हसून राहिली ते वेगळंच.

ते दुसरं, लाल गोळा न् खाली हिरवा तिधारी दांडा, ते कलम आहे. लाल भागात हरितद्रव्यच नसते, तो खालच्याच्या जिवावर जगते, म्हणून वेगळा काढून लावू नको. आणि तिसऱ्यावरचं ते कागदासारखं कडक फूल, हळूच हलवून पाह, गोंदानं चिकटवलेलं निघंल, त्याच्यावरून नाव शोधत बसू नको. खरं फूल आलं की सांगजो, जात पक्की तेव्हाच होते.

आणि हो, मे महिन्यात आपलं ऊन ४५ च्या वर जाते, दुकानाच्या सावलीतलं झाड एकदम गच्चीवर नेशील तर ओळखायला काही उरणारच नाही.