रेशो २९ आला, म्हणजे धोका टळला का?

प्रश्न: माझ्या सुनेला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. परवा बीपी १४२/९० भरलं, पायांवर सूजही आहे. डॉक्टरांनी करून घेतलेल्या रक्ततपासणीत ‘एसफ्लिट-१/पीएलजीएफ रेशो २९’ आलाय. धोका टळला का? घरात सगळे मीठ बंद करा म्हणतात. शिवाय वारेत विषाणूचं प्रथिन असतं असं वाचलं. त्यानं बाळाला काही होतं का?
— एक सासूबाई, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: ताई, रिपोर्टनं दिलासा दिलाय तो पुढच्या आठवड्यापुरता, बाळंतपणापर्यंतचा नव्हे. पीएलजीएफ हे वारेचं प्रथिन रक्तवाहिन्या निरोगी ठेवतं; एसफ्लिट-१ त्याला धरून निकामी करतं. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणी बीपी वाढून बहुधा लघवीत प्रथिन उतरण्याच्या आजारात, पहिलं घटतं, दुसरं वाढतं, म्हणून रेशो चढतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेशो ३८ किंवा कमी असलेल्या ९९ टक्क्यांहून जास्त जणींना आठवडाभरात हा आजार झाला नाही. ३८ च्या वर गेलेल्यांतही चार आठवड्यांत तो झाला शंभरातल्या सुमारे ३७ जणींनाच. म्हणून ही तपासणी ‘नाही’ म्हणायला भक्कम, ‘हो’ म्हणायला कच्ची. ३८ ही मर्यादा सगळ्या कंपन्यांच्या मशीनला लागू नाही, तेव्हा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी तुलना नको.

खरी राखण बीपीची आणि लघवीतल्या प्रथिनाची. घरी मोजताना चुका होतात त्या अशा: जिना चढून आल्या आल्या मोजणं, पाय लोंबकळत ठेवणं, जाड दंडाला लहान पट्टा बांधणं. या तिन्हींनी आकडा फुगतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पट्टा छातीच्या पातळीवर ठेवा, आधी अर्धा तास चहा किंवा मिश्री नको. (मिश्री तर आता सोडायलाच हवी.) १४०/९० च्या वर पुन्हा आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११०, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली कळ, न थांबणारी डोकेदुखी, यातलं एकही दिसलं तर रात्रीसुद्धा दवाखान्यात न्या. उशीर केला तर झटके येऊ शकतात.

मीठ तोडून हा आजार टळत नाही. भाकरी-शेंगाचटणी खाऊ द्या, वरून मीठ नको. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज जेवणासोबत, पण लोहाच्या गोळीबरोबर नकोत. लोह अंगी लागत नाही. ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याआधी सुरू केलं तरच खरा उपयोग, आता आपल्या मनानं देऊ नका.

विषाणूचं म्हणाल, तर तो संसर्ग नव्हे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी एका रेट्रोविषाणूची (आपली जनुकं पेशीच्या जनुकांत घुसवणाऱ्या विषाणूची) जनुकं आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरली आणि पिढ्यान् पिढ्या उतरत आली. बाकीची मोडली, आवरणाच्या प्रथिनाचं एक टिकलं, सिन्सिटिन-१. विषाणू त्यानं पेशीला चिकटून आत शिरायचा, वार त्यानंच आपल्या पेशी एकमेकींत मिसळून अखंड थर करते. या थरातून बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो, आणि तुमच्या रिपोर्टमधलं एसफ्लिट-१ मुख्यतः याच थरातून रक्तात येतं.